सिमकार्डावरचा ड्रोन: बांधणीपासून पहिल्या लांबच्या उड्डाणापर्यंतच्या नोंदी

काम काय ते आधी सांगते. ४५० मिमी सांगाड्याचं क्वाडकॉप्टर आहे, त्यावर पिक्सहॉक (उड्डाण सांभाळणारा बोर्ड, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर किंवा ऑटोपायलट) आणि त्यात चालणारं आर्डूकॉप्टर हे सॉफ्टवेअर. साध्या टेलिमेट्री रेडिओवर (ड्रोनचे आकडे जमिनीवर पाठवणारा रेडिओ) ते छान चालत होतं, पण मध्ये झाडांची एक रांग आली की किलोमीटरभरात स्क्रीनवरचे आकडे गोठायचे. तेव्हा तो रेडिओ बाजूला ठेवून मोबाइल नेटवर्कवरून कमांड द्यायच्या आणि कॅमेऱ्याचं चित्र बघायचं ठरवलं.

यात लांब मी बसणार आहे. ड्रोन कायम माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यांसमोर राहील, त्याच्या हातात नेहमीचा रिमोट असेल आणि एका स्विचवर ताबा त्याच्याकडे जाईल. ड्रोन नजरेआड उडवायला जवळजवळ सगळीकडे वेगळी परवानगी लागते. ती नसतानाही नेटवर्कचा सगळा अभ्यास असा करता येतो, म्हणून ही पद्धत धरली. हे करणाऱ्या प्रत्येकाने आपल्याकडचा उंचीचा नियम (बऱ्याच देशांत १२० मीटर) आणि सिम हवेत वापरण्याबद्दलच्या कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात.

७ डिसेंबर

सगळं टेबलावर मांडलं. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक, यूएसबी बोर्डावर बसवलेलं क्वेक्टेलचं ईसी२५ एलटीई मोडेम, दोन पट्टी अँटेना, कॅमेरा, वायरी. काट्यावर एकूण ११८ ग्रॅम. एवढं वजन चढवून एका जागी तरंगत ठेवलं तर बॅटरी साडेचौदा मिनिटं पुरते, आधी सतरा पुरायची.

मोडेम, त्याचा बोर्ड आणि अँटेना मिळून फ्लाइट कंट्रोलरपेक्षा महाग पडले. त्याआधी स्वस्त म्हणून एक यूएसबी डोंगल घेतला होता, ते पैसे वाया गेले. तो स्वतःच राउटर होऊन बसतो, आपल्यापुढे आणखी एक नॅट (अनेक यंत्रांना एका पत्त्यामागे झाकणारी सोय) उभा करतो आणि सिग्नलचे खरे आकडे सरळ देत नाही. मला आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) दर सेकंदाला नोंदवायचे आहेत. नुसत्या दांड्या बघून काही कळत नाही.

८ डिसेंबर

रास्पबेरी आणि पिक्सहॉक यांचं बोलणं सुरू व्हायला पूर्ण दिवस गेला.

पहिली चूक: वायरी सरळ जोडल्या. एकाचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणारी पिन) जातो, हे माहीत असूनही झालं. दुसरी: रास्पबेरीचा लॉगिन कन्सोल त्याच सिरीयल पिनांवर चालू होता, त्यामुळे मॅव्हलिंकच्या (ऑटोपायलट ज्या भाषेत निरोप देतो-घेतो ती) मध्ये त्याचा मजकूर घुसत होता. कन्सोल बंद केला.

तिसरी अडचण सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला. आकडे येत होते, पण दर काही सेकंदांनी तुटत होते. या रास्पबेरीवर दोन सिरीयल पोर्ट (यूआर्ट) असतात. त्यातला चांगला, म्हणजे पीएल०११, ब्लूटूथकडे दिलेला असतो आणि पिनांवर मिळतो तो मिनी-यूआर्ट. मिनी-यूआर्टचा वेग प्रोसेसरच्या कोअर घड्याळावर बांधलेला असल्यामुळे ९,२१,६०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) तो भरवशाचा राहत नाही. सेटिंगमध्ये ब्लूटूथ बंद केलं, पीएल०११ पिनांवर आला आणि तुटणं थांबलं. ब्लूटूथ इथे लागतच नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

१४ डिसेंबर

मोडेम नेटवर्क पकडायला गेलं की यूएसबीवरून गायब व्हायचं आणि दहा सेकंदांनी परत यायचं. ड्रायव्हर बदलून पाहिला, केबल बदलली, दुसरं सिम घातलं. तीन तास गेले. शेवटी रास्पबेरीची अंडरव्होल्टेजची (व्होल्टेज कमी पडल्याची) नोंद पाहिली आणि उत्तर तिथेच होतं.

मी ५ व्होल्ट पॉवर मॉड्यूलमधून घेत होते, म्हणजे पिक्सहॉक ज्यावर जगतो त्याच वायरीवर मोडेमही टांगलं होतं. नेटवर्क शोधताना आणि टॉवर दूर असताना मोडेम झटक्यात मोठा करंट ओढतं. त्या झटक्याने हवेत पिक्सहॉक रीस्टार्ट झाला असता तर ड्रोन दगडासारखा खाली आला असता. टेबलावर निभावलं म्हणून हवेतही निभावेल असं मी धरलं होतं, हे लिहून ठेवते.

आता बॅटरीवरून वेगळा ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) आहे. मोडेमच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. वायरी जाड घेतल्या आणि बोटभर लांबीच्याच ठेवल्या. पिक्सहॉकशी फक्त ग्राउंड आणि दोन सिग्नल वायरी जोडल्या आहेत. तासभर डेटा ढकलला, एकदाही तुटलं नाही.

२१ डिसेंबर

हा आठवडा पत्त्याने खाल्ला. ड्रोनला इंटरनेट मिळालं, पण बाहेरून ड्रोनपर्यंत पोहोचायचं कसं? मोडेमला मिळालेला पत्ता १०० आकड्याने सुरू होणारा होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते मोबाइल कंपन्या आपल्या मोठ्या नॅटमागे वाटतात. जगाला ते दिसत नाहीत. पोर्ट फॉरवर्ड करायला (बाहेरून आलेलं आपल्या यंत्राकडे वळवायला) तिथे आपल्या हातात काहीच नसतं. तरीही मी चार संध्याकाळी त्यावर घालवल्या.

सुटका अशी झाली: खुला पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर वायरगार्ड (इंटरनेटमधून खासगी, एन्क्रिप्टेड वाट म्हणजे टनेल बांधणारं सॉफ्टवेअर) चढवलं. ड्रोन आणि लॅपटॉप दोघंही आतून बाहेर, त्या सर्व्हरकडे जातात आणि तिथे भेटतात. ड्रोनच्या बाजूला दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट जाईल अशी सोय केली. नाहीतर शांतता पडली की कंपनीचा नॅट आपली वाट विसरतो आणि लॅपटॉपकडून निघालेली कमांड वाटेतच राहते.

इथेही दोन चुका झाल्या. सर्वांत कमी भाड्याचा सर्व्हर घेतला तो निघाला दुसऱ्या खंडात, आणि पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) १९० मिलिसेकंदांवर गेला. जवळचा घेतला तेव्हा ६० च्या आसपास आला. भाड्यात फरक थोडाच होता.

दुसरी चूक जास्त गंभीर. टनेल बसण्याआधी दोन दिवस मॅव्हलिंकचा १४५५० पोर्ट सर्व्हरवर उघडा होता. तिसऱ्या दिवशी लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून आलेली पॅकेटं दिसली. बहुधा नुसते दारं ठोठावत फिरणारे स्कॅनर असतील, पण मॅव्हलिंकला स्वतःचं एन्क्रिप्शन नाही. पोर्ट सापडला आणि समोरच्याला भाषा येत असली, तर तो माझा ड्रोन आर्म करू शकला असता, म्हणजे मोटारी सुरू करू शकला असता. आता सर्व्हरवर फक्त वायरगार्डचा पोर्ट उघडा आहे, आणि मॅव्हलिंक २ मधली सही (निरोप खरंच आपलाच आहे हे पटवणारी खूण) चालू केली आहे. त्याने प्रत्येक पॅकेट १३ बाइटांनी फुगतं. ते मला चालतं.

२८ डिसेंबर

टेलिमेट्री येत होती, कॅमेऱ्याचं चित्र अजिबात नाही. लहान पॅकेटं पोहोचत होती, मोठी वाटेतच गडप होत होती. वायरगार्ड आपलं वेष्टण चढवतं आणि पॅकेट मोबाइल नेटवर्कच्या मापाबाहेर जातं. टनेलचा एमटीयू (पॅकेटचं कमाल माप) १४२० वरून १२८० वर आणला आणि चित्र उमटलं.

प्रॉप (पंखे) काढून ड्रोन गाडीच्या मागच्या सीटवर बांधला. भाऊ चालवत होता, मी घरी लॅपटॉपसमोर. तोपर्यंत मी टीसीपी वापरत होते, तो हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवतो म्हणून. पुलाखालून जाताना नकाशावरचा बाण थांबला, आठ सेकंद तसाच राहिला, आणि मग त्या आठ सेकंदांतलं सगळं एकदम धाडधाड येऊन आदळलं. बाण पळत पळत गाडीला गाठायला लागला. जुनी जागा कळून मला काय उपयोग? हरवलेलं हरवू दे, आत्ताचं दे. त्याच रात्री सगळं यूडीपीवर नेलं, तो हरवलेल्यासाठी थांबत नाही.

टेलिमेट्रीचा वेगही कमी केला: कल सेकंदाला ४ वेळा, जागा २ वेळा. मॅव्हलिंकचा हार्टबीट ("मी आहे" असा सतत जाणारा निरोप) सहीशिवाय जेमतेम २१ बाइटांचा असतो, पण यूडीपी आणि टनेल यांची वेष्टणं चढून तो शंभराच्या वर जातो. छोट्या छोट्या निरोपांची गर्दी म्हणजे नुसती वेष्टणंच वाहणं. आता टेलिमेट्रीला तासाला साधारण १२ एमबी लागतात.

४ जानेवारी

दीड तास गाडीत फिरवून सेकंदाला दहा पिंग नोंदवले, म्हणजे ५४ हजार. मधला आकडा ५८ मिलिसेकंद. एवढाच पाहिला असता तर मी जॉयस्टिक जोडून बसले असते. पण शंभरातला सर्वांत वाईट एक २४० च्या पुढे होता, आणि टॉवर बदलताना तीनदा एक सेकंदापेक्षा लांब खंड पडला. सर्वांत मोठा खंड ४.१ सेकंदांचा.

ड्रोन सेकंदाला ८ मीटर जात असेल तर ४.१ सेकंदांत तो ३३ मीटर पुढे गेलेला असतो आणि मी अजून मागच्याच चित्राकडे बघत काठी दाबत असते. म्हणून इथे कायमचा निर्णय घेतला: मोबाइलवरून काठी चालवायची नाही. नेटवर्कवरून फक्त "तिकडे जा", "इथे थांब", "परत ये", "हे मिशन (आधी आखून दिलेला मार्ग) सुरू कर" एवढंच जाईल. तोल सांभाळणं, वारा झेलणं, जागेवर टिकणं हे ड्रोनने स्वतःचं स्वतः करायचं. जॉयस्टिकचं सेटिंग लॅपटॉपवरून काढूनच टाकलं, मोह नको म्हणून.

११ जानेवारी

आजची नोंद सर्वांनी नीट वाचा अशी माझी विनंती आहे.

जमिनीशी संपर्क तुटला की ड्रोनने घरी परतायचं, हा जीसीएस फेलसेफ (जीसीएस म्हणजे जमिनीवरचं स्थानक, इथे माझा लॅपटॉप) चालू केला. जमिनीवरून हार्टबीट येणं ५ सेकंद थांबलं की तो लागायला हवा. प्रॉप काढले, आर्म केलं, मोटारी मंद फिरत ठेवल्या. ड्रोन आर्म आहे पण जमिनीवरच आहे अशा वेळी फेलसेफ लागला की मोटारी लगेच बंद होतात, त्यामुळे टेबलावर परीक्षा सोपी आहे. मोडेमची यूएसबी ओढून काढली आणि मोजायला लागले.

पाच. दहा. तीस. मिनिट झालं. मोटारी फिरतच होत्या.

हवेत असता आणि भावाने स्विच टाकला नसता, तर तो कोणाच्याही ताब्याशिवाय, जिथे होता तिथे, बॅटरी उतरेपर्यंत तसाच राहिला असता.

सेटिंग पुन्हा पाहिलं, चालू होतं. दोन तासांनी कारण कळलं. रास्पबेरीवर मी टेलिमेट्री वाटून द्यायला मॅव्हप्रॉक्सी चालवत होते. तो स्वतःही जमिनीवरचं स्थानक म्हणूनच वागतो आणि क्रमांक २५५ लावून दर सेकंदाला हार्टबीट पाठवतो. माझ्या लॅपटॉपचा क्रमांकही २५५. म्हणजे माझा संपर्क तुटला तरी ड्रोनच्या पोटात बसलेला प्रोग्राम ऑटोपायलटला सांगत होता, "मी आहे, मी आहे." ऑटोपायलटच्या दृष्टीने काही तुटलंच नव्हतं.

मॅव्हप्रॉक्सी काढून त्या जागी मॅव्हलिंक-राउटर बसवला, तो फक्त वाट देतो आणि स्वतः काही बोलत नाही. लॅपटॉपचा क्रमांक २५० केला आणि ऑटोपायलटला सांगितलं की जमिनीवरचं स्थानक म्हणजे २५०, दुसरं कोणी नाही. भावाचा टॅबलेटही २५५ वर असतो, तो जोडलेला राहिला असता तरी हाच घोळ झाला असता. पुन्हा यूएसबी ओढली. साडेपाच सेकंदांत मोटारी थांबल्या. दहा वेळा केलं, दहाही वेळा थांबल्या.

आणखी एक: परतीची उंची मूळ सेटिंगमध्ये १५ मीटर असते. आमच्या मैदानाच्या कडेची झाडं वीस मीटरची आहेत. ती ४० केली.

१८ जानेवारी

पहिलं उड्डाण. भाऊ मैदानात, मी ६४ किलोमीटरवर. फोन कानाला. त्याने हाताने उचलून १० मीटरवर नेला, स्विच गाइडेडवर (नकाशावर दाखवलेल्या बिंदूकडे जाण्याचा मोड) टाकला आणि म्हणाला, "ताई, घे."

नकाशावर चाळीस मीटर पुढचा एक बिंदू दाबला. अर्धा सेकंद काही नाही, मग चित्रातली जमीन हळूच सरकायला लागली. "निघाला," तिकडून आवाज आला. मी दाबलेल्या जागी तो जाऊन थांबला आणि तिथेच राहिला. माझे हात टेबलावर होते, काही धरायला नव्हतं.

३० मीटर उंचीपर्यंत सगळं ठीक. मग १०० मीटरवर नेला आणि पिंग ९०० मिलिसेकंदांवर गेला, चित्राचे चौकोन चौकोन झाले. मी गोंधळले, कारण सिग्नल तर वाढला होता! जमिनीवर आरएसआरपी उणे ९४ होता, वर उणे ७८. पण एसआयएनआर १४ वरून उणे १ वर पडला होता. चार मिनिटांत सेल क्रमांक (मोडेम टॉवरच्या कोणत्या सेलशी जोडलं आहे तो) २३ वेळा बदलला, जमिनीवर तेवढ्याच वेळात दोनदा.

मोबाइल टॉवरचे अँटेना किंचित खाली झुकवलेले असतात, कारण फोन जमिनीवर असतात. वर गेल्यावर ड्रोन मुख्य झोताच्या बाहेर पडतो आणि कडेच्या लहान झोतांवर जगतो. त्याच वेळी घरं-झाडं आड येईनाशी होतात, म्हणून दूरदूरचे टॉवर एकदम दिसायला लागतात. सगळे त्याच पट्ट्यात बोलतात आणि एकमेकांचा गोंगाट होतात. आवाज मोठा, पण शब्द कळत नाही. ही अडचण फक्त माझी नाही. ३जीपीपीने (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संघटना) आपल्या रिलीज १५ या मानक-संचाच्या वेळी हवेतल्या यंत्रांसाठी एलटीईचा वेगळा अभ्यास केला, त्या अहवालाचा क्रमांक ३६.७७७. त्यातलं कारण आणि माझ्या लॉगमधले आकडे तंतोतंत जुळले, तेव्हा मोडेम बदलण्याचा विचार सोडला.

२५ जानेवारी

उंचीवर उपाय शोधण्यात दिवस गेला. १०, ३०, ५०, ७०, १०० मीटरवर प्रत्येकी दोन मिनिटं थांबवून आकडे घेतले. या मैदानात ५० पर्यंत एसआयएनआर ७ च्या वर राहतो, ७० नंतर कोसळतो. म्हणून आता कामाची उंची ४५ ठरवली. दुसऱ्या जागी हा आकडा वेगळा येईल, तो तिथे मोजूनच घ्यावा लागतो.

एक अँटेना मी कार्बन फायबरच्या दांडीला चिकटवला होता. कार्बन फायबर वीज वाहतं आणि रेडिओ अडवतं. दोन्ही अँटेना दांड्यांपासून दूर, एकमेकांना काटकोनात, प्लॅस्टिकच्या काडीवर बांधले. एसआयएनआर सरासरी ३ ने सुधारला.

चित्राचा वेग ४ मेगाबिट ठेवला होता, तोही चुकीचा. मोबाइल नेटवर्कवर खाली येणारी वाट रुंद असते, वर जाणारी अरुंद, आणि ड्रोनचं सगळं ओझं वर जाणारं. वाट भरली की मोडेम पॅकेट फेकत नाही, रांगेत उभं करतं. टेलिमेट्री चित्राच्या मागे उभी राहून तीन-तीन सेकंद उशिरा येत होती, हरवत मात्र एकही नव्हतं. त्यामुळे बराच वेळ हे कळलंच नाही. चित्र ७२० पीवर १.२ मेगाबिट केलं, टनेलच्या तोंडाशी केक नावाचं रांग-नियंत्रण लावून एकूण वेग २ मेगाबिटला बांधला आणि टेलिमेट्रीला पुढचा नंबर दिला. चित्र थोडं मऊ दिसतं. उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत राहतो. डेटा तासाला ५४० एमबी चित्राचा.

दोन कंपन्यांची दोन सिमं लावूनही पाहिलं. दुसरं मोडेम म्हणजे आणखी वजन, आणि पहिलं गेलंय हे रास्पबेरीला कळून वाट बदलेपर्यंत वीस सेकंद जात होते. तोवर फेलसेफ लागून ड्रोन परतीला लागलेला असतो. सोडून दिलं.

१ फेब्रुवारी

हवेत संपर्क तोडायची परीक्षा. ड्रोन ३५ मीटरवर, भावापासून दीडशे मीटर पुढे. त्याचा अंगठा स्विचवर. मी सर्व्हरवर टनेल बंद केलं. माझ्या स्क्रीनवरचं चित्र तिथेच थांबलं: एक शेणी रंगाचा चौकोन, त्यात पायवाट.

"तोडलं," मी फोनवर सांगितलं आणि घड्याळाकडे पाहत राहिले.

"उभाच आहे." तीन, चार. "उभाच आहे अजून." सहा. "ताई, हलला. वर चढतोय." मग काही सेकंद फक्त वाऱ्याचा आवाज. "वळला. येतोय." मी विचारलं, झाडांच्या वर आहे का? "बराच वर. सरळ डोक्यावर आला बघ. उतरतोय."

उडालेल्या जागेपासून सव्वा मीटरवर तो टेकला. सात मिनिटांनी तीच परीक्षा पुन्हा, या वेळी मिशन चालू असताना. तिथे मी वेगळी आज्ञा ठेवली आहे: संपर्क तुटला तरी मिशन पुरं कर, कारण मिशनची शेवटची ओळच "परत ये आणि उतर" आहे, आणि भाऊ कधीही ताबा घेऊ शकतो. तेही झालं.

८ फेब्रुवारी

वाईट दिवस. एका जागी थांबवलेला ड्रोन गोल फिरायला लागला, गोल वाढत गेला. भावाने मला विचारायच्या आत स्विच टाकून हाताने उतरवला. मी त्याला हेच सांगून ठेवलं होतं: आधी ताबा घे, मग बोल.

लॉगमध्ये उपग्रह १८ वरून ८ वर, एचडॉप (जागा किती अचूक याचा आकडा, कमी तितका चांगला) ०.७ वरून २.४ वर. मी मोडेमला दोष दिला, कारण मागच्या आठवड्यात तारा आवरताना ते जीपीएसच्या खाली ४ सेंटिमीटरवर आलं होतं. ते मागे, खालच्या पाटीवर हलवलं. अर्धा दिवस गेला आणि उपग्रह ११ वरच अडकले.

मग एकेक वस्तू बंद-चालू करून मोजलं. मोडेम बंद, कॅमेरा बंद: १८. मोडेम चालू, डेटा जोरात: १७. कॅमेरा चालू झाल्याबरोबर: ११. कॅमेऱ्याची चपटी रिबन केबल जीपीएसच्या पट्ट्यात गोंगाट सोडत होती. आधीही ती तिथेच होती, पण तारा आवरताना तिचा वळसा जीपीएसच्या दांडीला टेकला होता. रिबनवर तांब्याची चिकटपट्टी गुंडाळून ती ग्राउंडला जोडली, वळसा कमी केला, जीपीएसची दांडी ६ सेंटिमीटर उंच केली. कॅमेरा चालू असताना १७. हे मोजणं आधी केलं असतं तर वीस मिनिटांत काम झालं असतं.

१५ फेब्रुवारी

उड्डाण नाही. लॉग जुळवले. रास्पबेरीमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं, नेटवर्क मिळेपर्यंत ती मागच्या वेळी बंद झाल्याच्या वेळेपासूनच पुढे मोजते. त्यामुळे मोडेमचे आकडे आणि पिक्सहॉकचा लॉग यांच्यात तासांचा फरक पडत होता. आता मोडेमची प्रत्येक ओळ पिक्सहॉककडून आलेल्या जीपीएस वेळेवर लिहिली जाते.

२२ फेब्रुवारी

बारा मिनिटांचं मिशन, नऊ बिंदू, ४५ मीटर. मी ६४ किलोमीटरवरून सुरू केलं आणि पूर्ण वेळ फक्त पाहिलं. सहाव्या बिंदूजवळ ६.२ सेकंदांचा खंड पडला, फेलसेफचा संदेश आला, ड्रोनने मिशन सोडलं नाही आणि चित्र परत आलं तेव्हा तो सातव्या बिंदूकडे वळत होता. भावाला तिकडे काहीच वेगळं दिसलं नव्हतं.

तो खंड टॉवर बदलल्यामुळे असेल असं वाटलं, पण लॉगमध्ये सेल क्रमांक तोच. दोन अँटेनांपैकी एकाचा आरएसआरपी मात्र एकदम २० ने पडलेला. भावाने मोडेमचं झाकण काढून पाहिलं तर यू.एफ.एल चा टिकलीएवढा कनेक्टर अर्धा सुटलेला, बोट लावलं की हलत होता. हे कनेक्टर ३० वेळा लावण्या-काढण्यापुरतेच बनवलेले असतात. डिसेंबरपासूनच्या माझ्या नोंदी मोजल्या, चाळीसच्या वर वेळा काढला आहे. नवी वायर मागवली आहे. ती आली की एकदाच लावून वर गरम गोंदाचा थेंब टाकायचा, बाहेरच्या टोकाला मोठा एसएमए कनेक्टर ठेवायचा आणि यापुढची काढ-घाल तिथूनच करायची. मग हेच नऊ बिंदू, याच उंचीवर, पुन्हा.